धावपटूचा ईसीजी कसा वाचतात?

वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉन २०११ पासून होते. वसईतल्या होळी भागापासून विरारपर्यंत तिची तयारी करणाऱ्यांसाठी:

■ मोजमाप : छातीवरच्या व्ही-१ लीडमधली ‘एस’ आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधली ‘आर’ लाट मिळून ३५ मिमी वा अधिक भरल्यास हृदयाची डावी जवनिका (खालचा कप्पा) जाडावल्याची शंका (सोकोलोव्ह-लायन निकष, १९४९).

■ अपवाद : नियमित लांब धावणाऱ्यांत नुसत्या उंच लाटा आणि संथ ठोके सहसा निरोगीच.

■ धोक्याची खूण : व्ही-५, व्ही-६ मध्ये उलटी ‘टी’ लाट, धावताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं.

■ पुढची तपासणी : टूडी इको. जवनिकेची भिंत १३ ते १५ मिमी असल्यास हृदयरोगतज्ज्ञांकडून सखोल तपासणी हवी.

ईसीजी काढताना आपण किती धावता, हे डॉक्टरांना जरूर सांगा.