पोरंबाळं सांभाळून लिहायचं कसं?

लिहिण्याची हौस असलेल्या आईबापांना एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो: मनात असलं की वेळ निघतो. निघत नाही. मूल लहान असताना वेळ कुणाच्या तरी वाट्यातूनच काढावा लागतो. आपल्या झोपेच्या, कामाच्या, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या. तो कुठून काढायचा आणि तेवढ्यात कोणतं लेखन मावेल, हे दोन प्रश्न सोडवले की बाकीचं बरंचसं सुटतं.

आधी हिशेब

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. तेव्हा लिहिणाऱ्या आईला आणि लिहिणाऱ्या बापाला एकच सल्ला देण्यात अर्थ नाही. बापाला बहुधा असलेला वेळ वळवायचा असतो, आईला तो मुळात मोकळा करून घ्यायचा असतो.

आठवडाभर आपला दिवस खरोखर कसा गेला ते टिपून बघावं. शाळेची बस गेल्यापासून ऑफिसची लोकल येईपर्यंतचा वेळ, क्लासबाहेर ताटकळण्यातला पाऊण तास, मुलं झोपल्यानंतरची वेळ असे तुकडे हाती लागतात. त्यातला क्लासबाहेरचा तुकडा सगळ्यात चांगला, असं माझं मत. तिथे ना कुकर लावायचा असतो, ना दाराची बेल वाजते. रात्रीचा वेळ कागदावर मोठा दिसतो. प्रत्यक्षात तोवर डोकं मिटलेलं असतं.

पहाटेचा सल्ला कुणासाठी?

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसे. समोर घड्याळ ठेवून पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द, असा त्याचा नेम होता. हा किस्सा सांगणारे एक गोष्ट सहसा गाळतात: त्याला उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. असा नोकर दोन मुलांच्या किती आयांना मिळतो?

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचं उदाहरण जास्त उपयोगी. घटस्फोटानंतर दोन मुलगे एकटीने वाढवत, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी करत त्यांनी ‘द ब्लूएस्ट आय’ ही पहिली कादंबरी लिहिली. ती १९७० साली आली, तेव्हा त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मुलं उठायच्या आत लिहायचं, ही सवय त्यांना गरजेपोटी लागली. तरीही अंगावर पिणारं मूल असताना पहाटेच्या फंदात पडू नये. रात्रीतून तीनदा उठणाऱ्या बाईला पाच वाजताचा गजर लावायला सांगणं हा दुष्टपणा आहे.

हात कामात, डोकं ओळीत

लिहिण्याचा मोठा भाग टेबलाशी होतच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. लवकर वैधव्य आलं, पदरी मुलं होती, शेतीचं आणि घरचं काम होतं. त्या कामातच ओव्या जुळत गेल्या. त्यातल्या काही मुलगा सोपानदेव यांनी टिपून ठेवल्या आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. ओवीची लय आणि यमक यांमुळे ओळ डोक्यात टिकते. गद्याला ती सोय नाही, म्हणून गद्य लिहिणाऱ्याने लगेच कुठेतरी टिपलंच पाहिजे. मोबाइलवर आता मराठीत बोललेलं टाइप होऊन मिळतं. चुका भरपूर होतात, पण भांडी घासताना सुचलेला संवाद हातून निसटत नाही.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन किराणा दुकान चालवता चालवता लिहिलं, तेही घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून. ते १९८६ मध्ये पुस्तकरूपात आलं. चिकाटीचं कौतुक जरूर करावं. मात्र लपवून लिहावं लागणं याला आदर्श म्हणू नये.

उठताना काय करायचं

वीस मिनिटांच्या बैठकीतली पहिली दहा मिनिटं ‘काल कुठे होतो?’ यातच जातात. त्यावर उपाय म्हणजे प्रसंग संपवून उठायचं नाही. पुढचं वाक्य ठाऊक असतानाच थांबायचं आणि खाली टिपून ठेवायचं: आता सासूबाई पत्र उघडतात. दुसऱ्या दिवशी थेट पत्रापासून सुरुवात. फाइल एकच ठेवावी, आणि मागचं वाचून दुरुस्त करण्याचा मोह रविवारपर्यंत आवरावा.

प्रकारही वेळेप्रमाणे निवडावा. कविता, लघुकथा, ललित लेख तुकड्यांत जमतात. कादंबरीही जमते, पण प्रकरणं छोटी हवीत आणि पात्रांची नावं, वयं, तारखा वेगळ्या वहीत हव्यात. नाहीतर तीन आठवड्यांच्या खंडानंतर नायिकेच्या भावाचं नाव बदलतं.

घरात बोलून ठेवणं

‘जमेल तेव्हा लिहीन’ असं म्हटलं की घरच्यांच्या लेखी ते कधीही मोडता येण्याजोगं ठरतं. शनिवारी चार ते साडेपाच, मुलं बाबाकडे किंवा आजीकडे, असं वारासकट ठरवावं. त्या वेळात घरात असूनही नसल्यासारखं राहणं फार थोड्यांना साधतं. वाचनालय गाठलेलं बरं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेजारी कागद-पेन्सिल देऊन बसवता येतं, पण दर चार मिनिटांनी चित्र बघायची तयारी ठेवावी.

मुलांवर लिहायचं असेल तर थोडी जपणूक हवी. आज गंमत वाटणारा किस्सा आठवीतल्या मुलाला वर्गात छळू शकतो. कळत्या मुलाला विचारावं, नको म्हणाला तर सोडून द्यावं.

तारीख

ज्यांना तारखेशिवाय लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी मराठीत दिवाळी अंक आहेत. ही परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. अनेक अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे गणपतीत लिहायला घेतलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते. मुलं मे महिन्यात आजोळी जाणार असतील तर पहिला खर्डा तेव्हाच उरकावा. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालायची असतात.