टायर-नक्षी
टायर-नक्षी : टायरचा जो जाड रबरी थर प्रत्यक्ष रस्त्याला टेकतो, त्यास ‘ट्रेड’ म्हणतात. या थरावरील खाचा, पट्टे व ठोकळे यांच्या मांडणीस टायर-नक्षी अशी संज्ञा आहे. ही नक्षी रस्त्यावरील पकड टिकविण्याचे साधन असते. तसेच टायर कोणत्या उत्पादकाचा आहे, हे ओळखण्याची ती खूणही ठरते. या दुहेरी स्वरूपामुळे तिच्यातील शोभेचा भाग कोणता व उपयोगाचा कोणता, हा तंत्रविद्येइतकाच कायद्याचाही प्रश्न झाला आहे.

इतिहास : जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला टायर प्रचारात आणला. आरंभीचे टायर गुळगुळीत असत. ते ओल्या रस्त्यावर व चिखलात घसरत, म्हणून त्यांवर पोलादी खिळे ठोकलेले चामडी पट्टे बसवीत. जर्मनीतील हॅनोव्हर येथील काँटिनेंटल कंपनीने १९०४ मध्ये मोटारगाडीसाठी नक्षीदार टायर सादर केला. अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीने १९०८ मध्ये आणलेल्या टायरवर कंपनीचे नाव व ‘नॉन-स्किड’ ही अक्षरेच तिरप्या ओळींत उठावदार कोरलेली होती. अक्षरांच्या कडा रस्त्याला पकड देत आणि मातीवर कंपनीचे नाव उमटे. पकड व जाहिरात ही दोन्ही कामे येथे एकाच नक्षीने साधली.

रचना व कार्य : व्हल्कनीकरणाच्या वेळी टायर तापलेल्या साच्यात दाबला जातो व साच्यातील कोरीव काम रबरावर उमटते. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरची पकड उत्तम असते. म्हणूनच शर्यतीच्या मोटारींना कोरड्या हवामानात तसे टायर लावतात. ओल्या रस्त्यावर मात्र खाचांवाटे पाणी बाहेर पडले नाही, तर वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो व वाहन ताब्यात राहत नाही. सलग उभ्या पट्ट्यांची नक्षी दिशा राखण्यास सोयीची असल्याने ती ट्रकच्या पुढील चाकांस लावतात. आडव्या जाड कंगोऱ्यांची नक्षी ओढ देणाऱ्या मागील चाकांस उपयोगी पडते. ठोकळे सारख्या लांबीचे असल्यास एकाच पट्टीचा कर्कश आवाज निघतो, म्हणून त्यांची लांबी मुद्दाम कमीअधिक ठेवतात.

कायदेशीर संरक्षण : अमेरिकेत वस्तूच्या शोभेच्या रूपास स्वतंत्र अभिकल्प-एकस्व मिळते. त्यात शब्द थोडे व आकृत्या मुख्य असतात. अखंड रेषांनी दाखविलेल्या भागावर हक्क सांगितला जातो, तर तुटक रेषांनी दाखविलेला भाग केवळ संदर्भासाठी असतो. भारतात अभिकल्प अधिनियम, २००० अन्वये नोंदणी होते. संरक्षण प्रथम १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे मिळू शकते. या अधिनियमानुसार अभिकल्पाची पारख केवळ डोळ्यांनी करावयाची असून निव्वळ यांत्रिक युक्ती त्यात मोडत नाही.

येथेच अडचण उद्‌भवते. पाणी बाहेर काढणारी खाच ही युक्ती आहे. पण ती खाच कोणत्या वळणाने जावी, हे बहुधा एकाच प्रकारे ठरलेले नसते. तेच कार्य अनेक निरनिराळ्या मांडण्यांनी साधत असेल, तर निवडलेली विशिष्ट मांडणी ही रूपाची बाब मानता येते. याउलट, कार्यासाठी एकच आकार अपरिहार्य असेल, तर त्यावर अभिकल्पाचा हक्क सांगणे म्हणजे उपयुक्त ज्ञानच अडवून ठेवणे होय.

झीज : वापराने खाचा उथळ होतात. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर ठेवलेले लहान उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजतात. मोटारगाडीच्या टायरमध्ये या उंचवट्यांची उंची सामान्यतः १.६ मिमी. असते. नक्षी पुसट झालेला, बोलीभाषेत ‘गोटा झालेला’, टायर पावसात विशेष धोकादायक असतो. ट्रकच्या अशा टायरचा सांगाडा शाबूत असल्यास त्यावर नव्या नक्षीचा रबरी थर चढवून तो पुन्हा वापरतात. त्यामुळे बाजूच्या भिंतीवर एका उत्पादकाचे नाव व ट्रेडवर दुसऱ्याच कोणाची नक्षी, असा टायरही रस्त्यावर आढळतो.