शिडाच्या माथ्याची दोरी

छोट्या शिडाच्या होडीत नवख्याचं सारं लक्ष हातातल्या मेनशीटवर असतं. ती ओढली की शीड आत येतं, सैल केली की बाहेर जातं. शिडाच्या माथ्यावर काय चाललंय ते मात्र बऱ्याचदा दुसरीच दोरी ठरवते. बूम म्हणजे शिडाच्या तळाचा आडवा दांडा. त्याच्या पुढच्या भागापासून ही दोरी तिरकी खाली डोलकाठीच्या बुडाशी येते. तिला वँग म्हणतात, काही ठिकाणी किकर. कोकणातल्या जुन्या मचव्यावर ती सापडणार नाही. तिथल्या तिरक्या शिडाला वर परबाण असतं, खाली दांडा नसतो. दांडा आला, की तो वाऱ्याने वर उचलला जाणारच. त्याला खाली धरायला वँग लागते.

बूम उचलला गेला की शिडाची मागची कड ढिली पडते आणि माथा पिळवटून बाहेर उघडतो. थोडा पीळ हवाच असतो. पाण्याशी होणाऱ्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो, पाच-सहा मीटर वरचा जोरात असतो. चालत्या होडीत वारा खऱ्या दिशेपेक्षा पुढून आल्यासारखा भासतो; माथ्यावर वाऱ्याचा जोर जास्त, म्हणून तिथे हा फरक कमी पडतो. परिणामी माथ्याला वारा जरा मागून लागतो आणि माथा तेवढा उघडा ठेवावा लागतो. फार उघडला तर वरचं कापड निकामी होतं. फार आवळला तर मागची कड आत वळते आणि प्रवाह तुटतो. हे ओळखायला त्या कडेवर वरच्या बाजूला एक रिबीन लावतात. ती मागे सरळ वाहत राहिली तर ठीक, सतत शिडाआड दडू लागली तर पीळ कमी पडलाय.

वँगवर येणारा ताण लोकांच्या अंदाजापेक्षा खूप मोठा असतो. समजा, मागच्या कडेमुळे बूमच्या टोकाला वर खेचणारा जोर २० किलोचा आहे आणि वँग बूमच्या पाव लांबीवर बांधली आहे. मग तिथे खाली ८० किलोची ओढ हवी. वँग ४५ अंशांत तिरकी असल्याने दोरीत सुमारे ११३ किलोचा ताण येतो. म्हणून कप्प्यांची माळ लावावी लागते. लेझर या एकट्याने चालवायच्या होडीच्या आजच्या नियमांत १५ पटींपर्यंत व्यवस्था चालते. घर्षण सोडलं तर हाताला आठ किलोंहून कमी जोर पुरतो. एकेकाळी याच होडीवर साधी, कमी पटींची व्यवस्था होती आणि हलक्या माणसाला भर वाऱ्यात वँग आवळणं फार जड जाई. हा बदल मला त्या होडीतल्या सर्वांत न्याय्य सुधारणांपैकी एक वाटतो.

वँगला शर्यतीचं हत्यार म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यात डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमचा मोठा वाटा आहे. १९४८ ते १९६० या सलग चार ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदकं जिंकली, त्यातली शेवटची तीन फिन होडीत. फिनची डोलकाठी बाजूच्या तारांशिवाय उभी असते. ब्रूस कर्बीच्या आराखड्यावरून बनलेल्या लेझरचीही तशीच. अशा डोलकाठीवर वँग दुसरं, तितकंच मोलाचं काम करते. तिची ओढ बूमला पुढे डोलकाठीत रेटते, डोलकाठी वाकते आणि शिडाचं पोट सपाट होतं. भर वाऱ्यात वाऱ्याच्या दिशेकडे चढत जाताना वँग घट्ट असेल, तर झोत आल्यावर मेनशीट सैल करताच बूम वर न जाता नुसता बाजूला सरकतो. शिडाचा आकार टिकतो, जादा जोर निघून जातो. वँग ढिली असेल तर तीच शीट सोडल्यावर बूम आधी वर जातो, माथा एकदम उघडतो आणि होडी गचके खाते.

मुंबईच्या बंदरात याचा प्रत्यय रोज येतो. बंदर शहराच्या पूर्वेला, दुपारचा वारा पश्चिम-वायव्येचा. कुलाब्याच्या इमारतींवरून तो येतो म्हणून किनाऱ्यालगत झोतांनीच उतरतो. लष्कराचं नौकानयन केंद्र याच कुलाब्यात आहे. त्या केंद्राचा विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये लेझरमधून उतरला. (होडीचं अधिकृत नाव आता आयएलसीए झालंय, पण लोकांच्या तोंडी लेझरच आहे.) हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला कांस्य मिळालं; मध्य प्रदेशच्या नेहा ठाकूरने तिथेच याच होडीच्या लहान शिडाच्या प्रकारात रौप्य मिळवलं.

वँगची सर्वांत मोठी परीक्षा शर्यतीत वाऱ्याकडचा, म्हणजे वरचा, बोया ओलांडताना होते. चढताना आवळलेली वँग तशीच ठेवून होडी वळवली, तर बूम इतका खाली असतो की त्याचं टोक पाण्यात घुसतं. शीड बाहेर जाऊ शकत नाही आणि होडी उलटते. म्हणून वळण्याआधीच वँग सैल करायची. पण पाठवारा लागल्यावर ती फार ढिली राहिली, तर माथा डोलकाठीच्याही पुढे झुकतो आणि होडीला वाऱ्याच्या बाजूला ढकलू लागतो. होडी डावी-उजवी झुलायला लागते आणि दर झोल्याला कल वाढत जातो. अशा वेळी पुष्कळ जण सुकाणूशी झटतात. खरा उपाय वँग थोडी आवळून शीटही थोडी आत घेण्यात आहे. माथा मागे येतो आणि झोला ओसरतो.