चार चाकं, दोन सेल आणि एकलहऱ्याचा एक सेकंद

पिवळ्या मोटरी, काळे रबरी टायर, पारदर्शक प्लास्टिकची चेसिस, वर निळा आर्डुइनो आणि त्याच्या शेजारी लाल मोटर ड्रायव्हर. नाशिकमध्ये शाळेचं विज्ञान प्रदर्शन असो की इंजिनिअरिंग कॉलेजचा टेक-फेस्ट, ही गाडी कुठल्या तरी टेबलावर हमखास दिसते. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आणि सहावी-सातवीतल्या मुलांच्या हातातही अशी किट्स आली. गाडी काळ्या पट्टीवरून कशी चालते, अडथळा दिसला की कशी वळते, यावर मुलं भरभरून बोलतात. ती किती वेळ चालते आणि मध्येच का थांबते, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. खरी गंमत तर तिथेच आहे.

पहिल्या रोबोंनाही चार्जिंगची चिंता

चाकांवर फिरणाऱ्या छंदी रोबोंचे पूर्वज म्हणजे एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवं. ब्रिस्टलमधले मेंदूशास्त्रज्ञ विल्यम ग्रे वॉल्टर यांनी ती १९४८-४९ मध्ये बनवली. घड्याळांचे आणि गॅस मीटरचे जुने गिअर, दोन व्हॅक्यूम ट्यूब, दोन मोटरी, एवढंच सामान. बॅटरी भरलेली असताना कासव झगझगीत उजेडापासून दूर पळायचं. बॅटरी उतरली की सर्किटची संवेदनशीलता कमी व्हायची आणि तोच उजेड त्याला हवाहवासा वाटायचा. दिवा लावलेला असायचा त्याच्या खुराड्यात, आणि खुराड्यातच चार्जिंगची सोय. कासव आपोआप घरी परतायचं! पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक रोबो बनला. तो मोकळ्या बोळांतून भिंती चाचपत फिरायचा आणि प्लग सापडला की स्वतःच चार्ज व्हायचा. प्रोसेसर नाही, कोडची एक ओळ नाही, तरी बॅटरीचं भान पक्कं होतं.

नऊ व्होल्टचा चौकोनी सेल: किटमधला सर्वात मोठा गैरसमज

आता आपल्या टेबलावरच्या गाडीकडे येऊ. कॉलेजच्या लॅबमध्ये ज्युनिअर आणि सीनिअर यांच्यात हा संवाद ठरलेला असतो.

"दादा, कोडमध्ये काहीतरी गडबड आहे. गाडी जरा पुढे जाते, थांबते आणि परत पहिल्यापासून सुरू करते."

"कोड राहू दे. सेल कुठला लावलायस?"

"नऊ व्होल्टचा. नवा कोरा आहे."

"मग झालं तर!"

या गाडीची मोटर बीओ मोटर म्हणून विकली जाते. ती ३ ते ६ व्होल्टवर चालते आणि आत १:४८ चे प्लास्टिकचे गिअर असतात. म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा आतली चिमुकली मोटर ४८ वेळा फिरलेली असते. चाक मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर मोटर साडेनऊ हजारांच्या वर. एकदा वेग आला की मोटर स्वतःच उलटा विद्युत दाब तयार करते आणि प्रवाह आटोक्यात राहतो. पण सुरू होण्याच्या क्षणी ती स्थिर असते, उलटा दाब शून्य असतो. त्या क्षणी तिला चाक हाताने घट्ट धरून ठेवल्यावर लागतो तेवढा, म्हणजे जवळजवळ एक अँपिअर प्रवाह लागतो. चार मोटरी एकदम सुरू केल्या, तर तीन-चार अँपिअर.

इकडे नऊ व्होल्टच्या सेलच्या पोटात असतात दीड-दीड व्होल्टचे सहा पिटुकले सेल, एकापुढे एक जोडलेले. हा सेल रेडिओ, स्मोक अलार्म आणि मल्टिमीटरसाठी बनलेला आहे. तिथे प्रवाह काही मिलिअँपिअरच लागतो. स्वस्तातल्या कार्बन-झिंक सेलची क्षमता ४०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, तीही सावकाश वापरला तर. सेल म्हणजे टाकी आणि त्याचा अंतर्गत रोध म्हणजे तोटी, असं समजा. इथे टाकी छोटी आहेच, पण खरी अडचण तोटीची आहे. ती इतकी बारीक आहे की मोटरींना हवा तेवढा प्रवाह बाहेरच पडत नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवा, पिना सेलच्या टोकांना लावा. गाडी उभी असताना नऊच्या वर आकडा दिसेल. आता चाकं सुरू करा. आकडा धाडकन कोसळतो. आर्डुइनो उनोला बाहेरून वीज देताना निदान सात व्होल्ट लागतात. दाब फार खाली गेला की बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेव्हा त्यावरचा 'एल' अक्षराशेजारचा बारीक दिवा लुकलुकतो. तो लुकलुकणारा दिवाच सांगतो की कोड बरोबर आहे, विजेने मध्येच मान टाकली. एल-दिवा न बघता रात्रभर कोड तपासणारी कितीतरी मुलं आहेत. किटच्या डब्यात नऊ व्होल्टची क्लिप देऊन मोकळं होणं, ही या मुलांची मोठी गैरसोय आहे असं माझं ठाम मत आहे.

गरम होणारा लाल बोर्ड

काळा हीटसिंक मिरवणारा एल२९८एन हा ड्रायव्हर जवळपास प्रत्येक किटमध्ये असतो. त्याची रचना जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरची. त्यामुळे एक अँपिअर प्रवाहाला तो स्वतःच सुमारे पावणेदोन-दोन व्होल्ट खातो. दोन लिथियम सेलचे ७.४ व्होल्ट आत घातले, तर मोटरीला मिळतात साडेपाचच्या आसपास. म्हणजे जवळजवळ पाव भाग वीज हीटसिंक तापवण्यात गेली. बोट लावून बघा, पटेल.

यात एक सुखद योगायोग आहे. मोटरीला सहाच व्होल्टपर्यंत सोसतं आणि ड्रायव्हरने दोन खाल्ल्यावर उरतात तेही जवळपास तेवढेच. म्हणूनच ही जोडी निभावते. टीबी६६१२ हा छोटा ड्रायव्हर मॉस्फेट या नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचा आहे, तो फारच कमी वीज खातो. तो लावला तर गाडी तेवढ्याच सेलवर जास्त वेळ चालते. फक्त कोडमध्ये वेगाला लगाम घालायला हवा, नाहीतर मोटरींना झेपणार नाही.

दोन चाकांची की चार?

चार मोटरींची गाडी रुबाबदार दिसते, पण वळताना तिची चाकं आडवी घासतात. त्या घासण्याला जोर लागतो आणि प्रवाह वाढतो. खडबडीत फरशी किंवा सतरंजी असेल तर आणखीच. दोन मोटरी आणि मागे एक कॅस्टर चाक असलेली गाडी वळते अलगद आणि सेलही जवळपास निम्मे खाते. घरातल्या फरशीवर काळ्या पट्टीवरून चालणारा लाइन फॉलोअर करायचा असेल तर दोनच मोटरी घ्या.

१८६५० हा पत्ता नाही, माप आहे

लॅपटॉपच्या बॅटरीत वर्षानुवर्षं असलेला हा लिथियम सेल १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल नळीसारखा. नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन, कुठेही हा मिळतो. आणि कुठेही फसवणूक होऊ शकते.

वेष्टनावर '९९०० मिलिअँपिअर-तास' असं ठळक छापलेले सेल सर्रास विकले जातात. या मापाचा उत्तम दर्जाचा सेल साधारण ३५०० च्या आसपास जातो. ९९०० हा आकडा निव्वळ खोटा आहे. ओळखण्याची सोपी खूण वजन. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवा. फारच हलका निघाला तर परत करा.

लिथियमचं नको वाटत असेल, शाळेतली मुलं लहान असतील, तर एए मापाचे निकेल-मेटल हायड्राइड सेल उत्तम. प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा लावले की ७.२ व्होल्ट होतात. क्षमता २००० च्या आसपास, तोटी ऐसपैस आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येतात. मी तरी शाळांना हेच सुचवेन.

हिशेब करू: गाडी किती लांब जाईल?

चार मोटरी, आर्डुइनो, ब्लूटूथ आणि अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर मिळून सपाट फरशीवर साधारण एक अँपिअर धरा. २००० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल एकापुढे एक जोडले की दाब दुप्पट होतो, क्षमता मात्र २००० च राहते. इथे पुष्कळजण ४००० धरून चुकतात. कागदावर दोन तास, प्रत्यक्षात दीड तास म्हणू. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी वीस सेंटिमीटर पुढे. वजनासकट वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर दीड तासात २.७ किलोमीटर. नाशिकच्या रविवार कारंजावरून निघून गोदावरी ओलांडून पंचवटी कारंजापर्यंत जायचं आणि परत यायचं म्हटलं, तरी हिशेबाने सेल पुरून उरतील. रस्त्यावरचे खड्डे आणि चढ हिशेबात धरलेले नाहीत!

आता याच वेगाची तुलना प्रज्ञानशी करून बघा. चंद्रयान-३ चा हा २६ किलोचा सहाचाकी रोव्हर ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरला. त्याचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. त्याने सगळं मिळून शंभर मीटरपेक्षा थोडं जास्त अंतर कापलं. आपली गाडी तेवढं अंतर साडेतीन मिनिटांत कापेल. पण प्रज्ञानला ५० वॉटच्या सौर पॅनलवर चालायचं होतं, प्रत्येक पाऊल तपासून टाकायचं होतं आणि दुरुस्तीला कुणी जाणार नव्हतं. २ सप्टेंबरला त्याला झोपवलं तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती आणि पॅनल पुढच्या सूर्योदयाकडे वळवलेलं होतं. दोन आठवड्यांच्या चांद्ररात्रीत तापमान उणे शंभरच्याही खूप खाली जातं. २२ सप्टेंबरला सूर्य उगवला, हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

मंगळावरच्या अपॉर्च्युनिटीची गोष्ट उलटी. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही गाडी २००४ पासून २०१८ पर्यंत टिकली आणि ४५ किलोमीटर चालली. धुळीच्या वादळाने तिचे सौर पॅनल झाकले आणि संपर्क तुटला. 'माझी बॅटरी उतरत चाललीय आणि अंधार पडतोय' हे तिचं शेवटचं वाक्य म्हणून सांगितलं जातं. ते तिने पाठवलेल्या आकड्यांचं एका पत्रकाराने माणसांच्या भाषेत केलेलं वर्णन होतं.

एकलहऱ्याचा एक सेकंद

दोन सेल भरायला किती वीज लागते? जेमतेम १५ वॉट-तास. म्हणजे एका युनिटमध्ये, चार्जरमधली गळती धरूनही, पन्नासच्या वर वेळा सेल भरतात. तेवढीच एक युनिट वीज नऊ व्होल्टच्या सेलमधून काढायची म्हटली, तर पावणेतीनशे सेल लागतील. एक वीस रुपयांना धरला तरी साडेपाच हजार रुपये!

नाशिक रोडजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिन्ही पूर्ण क्षमतेने चालले तर एका सेकंदात १७५ युनिट वीज तयार होते. त्या एका सेकंदात नऊ-साडेनऊ हजार गाड्यांचे सेल भरून निघतील.

निफाडची थंडी

निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांवर आला की बातमी होते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तीच थंडी सेललाही बाधते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि काल नीट चाललेली गाडी सकाळच्या प्रहरी रेंगाळते. सेल थोडा वेळ खिशात ठेवला की पुन्हा तरतरीत. उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात बंद कारमध्ये लिथियम सेल ठेवू नका, उष्णतेने त्याचं आयुष्य कायमचं घटतं. सुट्टीत महिनोन्महिने ठेवायचे असतील तर पूर्ण भरून नव्हे, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

गोविंदा आला रे!

२००८ मध्ये पुण्यात एबीयू रोबोकॉन ही आशियाई स्पर्धा झाली, तेव्हा विषय होता चक्क दहीहंडी. देशोदेशीचे विद्यार्थी रोबोंना गोविंदा बनवत होते. रोबोकॉनच्या नियमांत बॅटरीला २४ व्होल्टची मर्यादा असते, त्यामुळे जिंकायचं तर वीज जपून वापरणं आलंच. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत मात्र गुण वेगाला आणि दिसण्याला मिळतात. एका चार्जिंगमध्ये कोण जास्त अंतर जातं, अशीही एक फेरी ठेवून बघा. मुलं सेलचा, वजनाचा, चाकांच्या घर्षणाचा विचार आपणहून करू लागतील.

फुगलेला सेल दिसला तर

फुगलेला, दबलेला किंवा भोक पडलेला लिथियम सेल चार्ज करू नका, उघडू नका, चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घातक कचरा म्हणून वेगळा द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. सेल विकणाऱ्या दुकानदाराला त्याची आठवण करून द्या.

आणि शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. या वर्षी किट मागवताना नऊ व्होल्टच्या क्लिपऐवजी सहा एए सेलचा होल्डर आणि एक चार्जर मागवा, आणि प्रत्येक टेबलावर एक साधा मल्टिमीटर ठेवा. तो दोन-अडीचशे रुपयांत मिळतो.