एक पान, अनेक हात

तेंदूपत्त्याचा हंगाम आला की दर, फळीची (पाने जमा करण्याच्या केंद्राची) जागा, मजुरीचा हिशेब ही माहिती बदलत राहते. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी परिसरातील ग्रामसभेने ती व्हॉट्सॲपवर टाकली, तर संध्याकाळपर्यंत इतर निरोपांखाली दबते. जुना दर कोणता, नवा कोणता, हे कळेनासे होते.

यावर विकी उपयोगी पडतो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. आजच्या विकीत एका विषयाचे एकच पान असते. गटातला कोणीही ते दुरुस्त करू शकतो. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. मतभेदांची चर्चा वेगळ्या पानावर होते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया असाच चालतो.

एकत्र चर्चा करून काम करण्याची ही शिस्त गडचिरोलीला परकी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात विषय समजून घेतात आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेतात. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

ग्रामसभेने आपल्या विकीची सुरुवात दर, फळ्या आणि हिशेब या तीन पानांनी करावी. प्रत्येक पानाची जबाबदारी एकेकाने घ्यावी. नेटवर्क नसेल तिथे ताजी छापील प्रत फलकावर लावावी. माहिती सर्वांसमोर असली, तर कष्टाचा मोबदला कोणालाही तपासता येतो.