संवेदक म्हणजे वीजघर नव्हे

दिवाळी सरली की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या अनेक घरांत टेबलावर एक छोटी डबी येते. पडद्यावर पीएम २.५ चा आकडा दाखवणारी. तिचे स्क्रू काढून पाहिलं, तर आत तीन गोष्टी सापडतात: हवा ओढणारा इवलासा पंखा, लेझर, आणि धुळीच्या कणांवरून विखुरलेला उजेड टिपणारा काळसर चौकोनी तुकडा. हा तुकडा म्हणजे फोटोडायोड, प्रकाशाचा संवेदक. दिल्लीत संशोधक याच जातीचे, पण अणूंच्या मोजक्याच थरांइतक्या पातळ पदार्थांचे संवेदक बनवत आहेत. त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत ‘सेल्फ-पॉवर्ड’ हा शब्द आला की वाचणाऱ्याला वाटतं, आता सूर्यप्रकाशावर उपकरणं फुकटात चालणार. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

इथे ‘सेल्फ-पॉवर्ड’चा अर्थ फार मर्यादित आहे. प्रकाश पडला की अर्धवाहकात इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. या दोघांना वेगवेगळ्या दिशांना नेलं नाही, तर ते पुन्हा एकत्र येतात आणि हाती काहीच लागत नाही. एरवी त्यांना ओढायला बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं. पण दोन वेगळे अर्धवाहक एकमेकांना भिडवले, तर त्यांच्या सीमेवर आपोआप एक विद्युत उतार तयार होतो. पाणी जसं उताराकडे धावतं, तसे इलेक्ट्रॉन या उतारावरून वाहतात. बॅटरी लागत नाही ती एवढ्याच कामासाठी. मिळालेला इवलासा प्रवाह मोठा करणारं, मोजणारं, पडद्यावर आकडा उमटवणारं सर्किट आपली वीज घेतच राहतं.

अशा संवेदकावर दिवा लागेल का, याचा हिशोब एकदा करून पाहावा. समजा, त्याची लांबी-रुंदी १० मायक्रोमीटर आहे. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट धरलं, तर एवढ्या जागेवर पडणारी सगळी ऊर्जा वॅटच्या एक कोटीव्या भागाइतकी होते. त्यातला कणन्‌कण विजेत बदलला, तरी २० मिलिवॅटचा एक साधा एलईडी लावायला असे दोन लाख संवेदक लागतील.

आणि हे वैशिष्ट्य काही नव्या पदार्थांनीच आणलेलं नाही. डबीतल्यासारखा सिलिकॉनचा साधा फोटोडायोडही शून्य व्होल्टेजवर काम करतो.

मग एवढा खटाटोप कशासाठी? मोलिब्डेनम डायसल्फाइडचं उदाहरण घ्या. एरवी हा पदार्थ गाड्यांच्या काळ्या ग्रीसमध्ये असतो. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून तो वंगणाला चांगला. पण त्याचा एकच पापुद्रा सुटा केला की तो जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाड भरतो. असे एक लाख पापुद्रे एकावर एक रचले, तर कुठे केसाएवढी जाडी होते. तेव्हा अशा पदार्थांना ‘द्विमितीय’ म्हणतात, म्हणून त्यांची जाडी शून्य असते, असं नाही. इतक्या पातळ थरातून उजेड आरपार जाईल, ही शंकाही अर्धीच खरी. योग्य रंगाच्या प्रकाशाचा ५ ते १० टक्के भाग तो अडवतो, आणि तेवढंच काम करायला सिलिकॉनचा सुमारे ५० नॅनोमीटरचा थर लागतो. शिवाय या पापुद्र्याच्या पृष्ठभागावर लोंबकळते, म्हणजे जोडीदार न मिळालेले, बंध नसतात, म्हणून तो कुठल्याही स्फटिकावर टेकवता येतो. माझ्या मते त्याची खरी किंमत इथे आहे.

हौज खासच्या आयआयटी दिल्लीत नेमकं हेच केलं गेलं. तिथल्या भौतिकशास्त्र विभागातल्या संशोधकांनी मोलिब्डेनम डायसल्फाइड गॅलियम नायट्राइड या दुसऱ्या अर्धवाहकाशी जोडलं आणि २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या शोधपत्रिकेत त्याची मोजमापं छापली. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या लेझरला त्यांच्या जोडाचा प्रतिसाद, म्हणजे दर वॅट प्रकाशामागे मिळणारा प्रवाह, १ लाख अँपिअर प्रति वॅटपर्यंत गेला.

हा आकडा वाचताना मात्र फार जपायला हवं. एका प्रकाशकणामागे एकच इलेक्ट्रॉन बाहेर आला, तर ४०५ नॅनोमीटरला प्रतिसाद ०.३३ अँपिअर प्रति वॅटच्या वर जात नाही. कारण तरंगलांबीला १२४० ने भागलं की ही मर्यादा मिळते. लाखाचा आकडा येतो तो बाहेरच्या व्होल्टेजमुळे: रिकामी जागा कुठेतरी अडकून पडते आणि ती सुटेपर्यंत सर्किटमधून इलेक्ट्रॉनच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात. त्यात संशोधकांचं काहीच चुकलेलं नाही; गल्लत होते ती बातमीत, दोन वेगळे गुण एकाच उपकरणाच्या नावावर लिहिले जातात तेव्हा. ‘बॅटरीशिवाय’ आणि ‘हजारो अँपिअर प्रति वॅट’ हे एकाच ओळीत दिसलं, तर तो आकडा किती व्होल्टवर मोजला होता, हे आधी शोधावं. अशा प्रवर्धनाची किंमत वेगात मोजावी लागते, हेही लक्षात ठेवावं. लोझान इथे २०१३ मध्ये एकाच पापुद्र्याच्या संवेदकाने ८८० अँपिअर प्रति वॅट गाठले, पण त्याला प्रतिसाद द्यायलाच काही सेकंद लागत. धुळीचा कण लेझरसमोरून जातो तो त्याच्या कितीतरी आधी.

कार्बनचा पापुद्रा असलेलं ग्राफीन आणि मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखे पदार्थ एकच, असंही सर्रास म्हटलं जातं. ग्राफीनमध्ये ऊर्जेची दरी, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, हीच नाही, त्यामुळे तो अर्धवाहकच नव्हे. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका थरात ही दरी सुमारे १.८ इलेक्ट्रॉन व्होल्टची असते.

आणि ‘आता सिलिकॉन निवृत्त होणार’ या घोषणेलाही हीच दरी आवर घालते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर डोळ्यांना न दिसणारा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. तो प्रकाश साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. सिलिकॉनला तो दिसतो, कारण त्याची नजर ११०० नॅनोमीटरपर्यंत पोचते. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका पापुद्र्याची दरी सिलिकॉनपेक्षा मोठी, म्हणून त्याची नजर ६८० च्या आसपासच संपते. त्याच्यापुढे तो रिमोट कितीही दाबला, तरी त्याला अंधारच.