टाळ मागे पडले, की कान?

माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरवला जातो, धूळ पुसली जाते आणि घरातले सगळे भोवती जमतात. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका खोलीच्या भिंतींना गाद्या लावून ध्वनिमुद्रित केलेले वडिलांचे अभंग त्यात आहेत. वडील आता नाहीत. संगणक स्वस्त झाले आणि घराघरांत छोटे स्टुडिओ निघाले, त्या काळातली अशी कितीतरी ध्वनिमुद्रणे आज कपाटांत पडून असतील. पन्नाशीतला मुलगा सगळ्या फाइल नव्या लॅपटॉपवर घेतो, प्रोजेक्ट उघडतो आणि पडद्यावर पाट्या येऊ लागतात. अमुक फाइल सापडली नाही, तमुक प्लगइन उपलब्ध नाही. जे काही वाजते त्यात पेटीच्या जागी पियानो वाजतो.

तेव्हा काढलेली सीडी घरात असतेच, मग हा खटाटोप कशाला? सीडीवर शेवटचा, घासूनपुसून केलेला मिक्स असतो. प्रोजेक्टमध्ये गळा वेगळा, पखवाज वेगळा, टाळ वेगळे असे प्रत्येकाचे ट्रॅक सुटे असतात. न वापरलेले टेक असतात. दोन कडव्यांमधले खाकरणे, ‘थांब, परत घेऊ’ हे वाक्य, भांडे खाली ठेवल्याचा आवाज असतो. आणि तो गळा पुन्हा मिळणार नसतो. गायक हयात असला तरीही नाही. वयानुसार स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात, स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, दम कमी पडतो. पासष्टीतला गायक चाळिशीतला टेक परत देऊ शकत नाही.

अडचण कुठे आहे ते समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाणे नव्हे. ती दवाखान्यातल्या केसपेपरसारखी असते. केसपेपरवर औषधाचे नाव, मात्रा, वेळ लिहिलेली असते; गोळी नसते. कुठली ध्वनिफाइल कुठे सुरू करायची, कुठे कापायची, कोणत्या प्लगइनमधून काढायची, एवढेच प्रोजेक्टमध्ये असते. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये, बहुधा वेव्ह फाइलमध्ये असतो. १९९१ पासूनचा हा प्रकार आजही कुठलाही संगणक वाजवतो. मिडीची गत मात्र निराळी. १९८३ मध्ये आलेल्या या पद्धतीत कोणती पट्टी, किती जोरात आणि किती वेळ दाबली एवढीच नोंद होते. पेटीचा आवाज देणारे सॉफ्टवेअरच नसेल, तर पियानो वाजतो.

आणि सॉफ्टवेअर टिकत नाही. गिब्सन कंपनीने १९९८ मध्ये ओपकोड विकत घेतली आणि ‘स्टुडिओ व्हिजन’ पुढे बंद पडले. २००२ मध्ये ॲपलने इमॅजिक घेतली आणि ‘लॉजिक’ची विंडोजवरची आवृत्ती संपली. ‘केकवॉक’ २०१७ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते घेतले म्हणून वाचले. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२ बिटचे कुठलेच प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यांच्याबरोबर जुने प्लगइनही गेले. गौहर जानने १९०२ मध्ये दिलेल्या तबकड्या आजही सुईखाली वाजतात. त्यानंतर शंभर वर्षांनी केलेला प्रोजेक्ट उघडत नाही.

त्यामुळे नव्या संगणकावर झटापट करण्याआधी जुना संगणक चालतो का ते पाहावे. चालत असेल तर सर्वांत आधी अख्ख्या हार्डडिस्कची प्रत काढावी आणि मूळ डिस्क बाजूला ठेवावी. मग जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढावा. एकदा कोरा, एकदा परिणामांसकट. मिडीचे ट्रॅकही वाजवून आवाजाच्या रूपात घ्यावेत. सगळे शून्यापासून सुरू होत असल्याने कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकाखाली एक ठेवले की जुळतात. लय, पट्टी, प्लगइनच्या खुणा यांचे मोबाइलवर सरळ फोटो काढावेत, लाजू नये. ४८,००० हर्ट्झ, २४ बिटचा सहा मिनिटांचा एक ट्रॅक सुमारे ५२ एमबी होतो. चोवीस ट्रॅक सव्वा जीबीत मावतात.

एक चूक फार होते. ४४,१०० चे ध्वनिमुद्रण न बदलता ४८,००० च्या वेगाने वाजवले, तर सहा मिनिटांचा अभंग साडेपाच मिनिटांत आटोपतो आणि आवाज पेटीच्या दीड पट्टीने चढतो. वडील काळी एकमध्ये गायचे हे आईला आठवते, संगणकाला नाही.

इथवर संगणकाचे दुखणे झाले. सगळे ट्रॅक जुळतात, मुलगा नव्याने मिक्स करायला बसतो आणि त्याला वाटते, टाळ मागे पडलेत. तो खणखणीतपणा वाढवतो. अजून वाढवतो. इथे संगणकाचा दोष नसण्याची शक्यता बरीच असते.

तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारख्या अवयवात सुमारे १५,००० केशपेशी असतात. उंच कंपनांच्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि त्याच आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. टाळांची झळाळी, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ याच वरच्या भागात येतात. नेहमीच्या ऑडिओमेट्रीत २५० ते ८,००० हर्ट्झच तपासतात, त्यामुळे ‘नॉर्मल’ अहवाल हातात असलेल्या माणसालाही १२,००० च्या वरचे ऐकू येत नसू शकते. वरच्या कंपनांची वेगळी तपासणी मागून घ्यावी लागते. त्यात स्टुडिओची सवय कानाला मारक. अमेरिकेच्या निऑश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. हेडफोन लावून मिक्स करताना पंधरा मिनिटे कुठे गेली हे कळतही नाही.

म्हणून जुनी सीडी शेजारी ठेवून, आवाज मध्यम ठेवून ताडून पाहावे आणि घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला बोलवावे. ती बहुधा टाळ जास्त झाल्याचे सांगेल. कदाचित तिला आणखीही काही ऐकू येईल: अभंगाच्या मागे सतत चालू असलेली एक बारीक शीळ. बापाचा विश्वास बसत नाही. पण पडद्यावरच्या आलेखात १५,६२५ हर्ट्झवर एक सरळ रेघ दिसते. जुन्या काचेच्या टीव्हीच्या पडद्यावर सेकंदाला तेवढ्याच रेषा आखल्या जायच्या. वडील गात होते तेव्हा बाहेरच्या खोलीत कुणीतरी टीव्ही लावला होता.